दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली: तीव्र कुपोषित मूल शोधण्यापासून ते बरं होईपर्यंत

दुष्काळ असो, युद्ध असो की निर्वासितांचे लोंढे, मदत पोहोचली की पहिल्या काही दिवसांतच छावणीत एक आरोग्यसेविका तीन रंगांची पातळ पट्टी घेऊन मुलांचे दंड मोजायला बसते. पट्टी लाल दिसली की त्या मुलासाठी एक ठरलेली वाट सुरू होते. ही वाट नायजरमध्ये आहे तशीच दक्षिण सुदानमध्ये आहे, बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत आहे आणि थोड्या फरकाने आपल्या मेळघाटात, नंदुरबारमध्येही आहे. त्या वाटेवर काय काय घडतं, ते या लेखात एकेक पायरी घेऊन सांगतो. अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते आणि अशा कामाला देणगी देणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०२४ मध्ये पाच वर्षांखालची सुमारे ४ कोटी २८ लाख मुलं उंचीच्या मानाने फार बारीक होती. त्यांतली १ कोटी २२ लाख तीव्र गटातली, म्हणजे आपल्याकडे अंगणवाडीत ज्याला 'सॅम' म्हणतात त्या गटातली. अशा मुलाचा जीव जाण्याचा धोका धडधाकट मुलापेक्षा सुमारे ११ पट असतो. शेवटचा घाव बहुतेक वेळा भूक घालत नाही. जुलाब, न्यूमोनिया, गोवर किंवा मलेरिया घालतो. साध्या मुलाला चार दिवस झोपवणारा ताप या मुलाला झेपत नाही.

यावर उपचार आहे, तो महागही नाही आणि वेळेत सुरू झाला तर बहुतेक मुलं बरी होतात. मुलं दगावतात ती उशिरा सापडल्यामुळे, आणि उपचार आईच्या आवाक्याबाहेर ठेवल्यामुळे. म्हणून पुढची प्रत्येक पायरी वाचताना एकच विचारावं: हे त्या आईला जमण्यासारखं आहे का?

पायरी १: मूल शोधायला आपण जायचं

मूल वाळत जातं ते हळूहळू. रोज डोळ्यांसमोर असलेल्या पोराचा बारीकपणा घरच्यांना जाणवत नाही, आणि शेजारची पोरंही तशीच असतील तर नाहीच नाही. त्यामुळे दवाखाना उघडून वाट बघत बसलं की तिथे फक्त शेवटच्या टप्प्यातली मुलं येतात. घरोघर जाऊन दंडघेर मोजायला पर्याय नाही.

ही मोजणी ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे. जन्मतारीख माहीत नसेल तर सणवार, पेरणी, गावातली एखादी मोठी घटना यांच्या आधारे विचारावं: "पोळ्याच्या आधी झाला का नंतर?" छावण्यांतही असंच स्थानिक घटनांचं कॅलेंडर करून वय काढतात.

मूल आईच्या मांडीवर असू द्या. डावी बाही पूर्ण वर करा, घट्ट असेल तर अंगडं काढाच. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं हाडाचं टोक आणि कोपराचं टोक बोटांनी चाचपा, दोहोंच्या बरोबर मध्ये पेनाने बारीक खूण करा. मग हात सरळ खाली सैल सोडा आणि खुणेवरून पट्टी गुंडाळा. पट्टी कातडीत रुतू नये आणि तिच्याखाली फटही राहू नये. पट्टीच्या खिडकीत दिसणारा आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्याने तो लिहून घ्यावा.

११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११५ ते १२५च्या आत पिवळा, म्हणजे मध्यम. १२५ आणि त्यापुढे हिरवा.

चुका नेहमी त्याच होतात. मूल रडत असतं, हात आखडलेला असतो, मोजणारा घाईत असतो आणि पट्टी ओढली जाते. दोन-तीन मिलिमीटरच्या ओढीने पिवळं मूल लाल होतं. सैल पट्टीने लाल मूल पिवळं होऊन घरी जातं. दुसरी चूक जास्त वाईट. शंका असेल तर मूल शांत झाल्यावर पुन्हा मोजा. शिवाय दंडघेर ठीक असूनही काही मुलं उंचीच्या मानाने फार हलकी असतात. त्यामुळे जिथे वजनकाटा आणि उंची मोजायचा फळा आहे तिथे वजन-उंचीही घ्यावी.

या पायरीतला सर्वांत मोठा बदल नायजरमध्ये झाला. झिंदर भागात ही पट्टी थेट आयांच्याच हातात दिली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना आकड्याची गरजच नव्हती, रंग पुरेसा होता. पेनाने खूण न करता नजरेने दंडाचा मध्य धरला तरी त्यांची मोजणी प्रशिक्षित सेविकांच्या तोडीची निघाली. मुलं लवकर सापडू लागली आणि दवाखान्यात भरती करण्याची वेळ कमी मुलांवर आली. आता ही पद्धत अनेक देशांत वापरतात. माझ्या मते आपल्याकडेही प्रत्येक आईकडे अशी पट्टी असायला काहीच हरकत नसावी.

पायरी २: सूज बघा, गुबगुबीतपणाला फसू नका

दंडघेर मोजून झालं की मुलाच्या दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्यांनी एकदम दाबायचं आणि तीन सेकंद धरायचं. प्रशिक्षणात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असं मोजायला शिकवतात, म्हणजे घाई होत नाही. अंगठे काढल्यावर दोन्ही पायांवर खड्डा राहिला तर ती पोषणाची सूज. एकाच पायावर राहिला तर कारण दुसरं असू शकतं. दोन्ही पायांवर खड्डा पडला की दंडघेर हिरवा असला तरी मूल तीव्र कुपोषित धरायचं. सूज फक्त पावलांवर असेल तर एक अधिक, पिंढऱ्यांपर्यंत चढली तर दोन अधिक, चेहऱ्यापर्यंत पोहोचली तर तीन अधिक अशी नोंद करतात. तीन अधिकचं मूल थेट रुग्णालयात.

हे सविस्तर सांगायचं कारण असं की सुजलेलं मूल भरल्या अंगाचं दिसतं. गाल वर आलेले, पाय गोल. घरच्यांना वाटतं, पोर बाळसं धरतंय. कातडी चकाकणं किंवा पोपडे सुटणं, केस विरळ आणि तांबूस होणं, पोराने कशातच रस न घेता गप्प बसून राहणं, हेही सोबत दिसतं. उपचार लागू पडला की सूज उतरते आणि वजन आधी घटतं. हे आईला अगोदरच सांगून ठेवलं नाही तर ती घाबरून उपचार सोडते.

पायरी ३: भूक आहे का?

घरी उपचार की भरती, हे ठरतं भुकेवर. कुपोषित मूल म्हणजे भुकेलं मूल, अशी आपली समजूत असते. पण शरीर आतून फार बिघडलं किंवा संसर्ग झाला की भूकच मरते, आणि ती खरी धोक्याची खूण.

चाचणी अशी करतात. शांत कोपरा निवडायचा. आई आपले आणि मुलाचे हात साबणाने धुते. मूल मांडीवर घेऊन ती उपचाराच्या पेस्टचं (शेंगदाणा आणि दुधाची ही पेस्ट पुढच्या पायरीत येते) पाकीट फोडते, बोटावर थोडी पेस्ट घेऊन मुलाच्या ओठांना लावते. सोबत पेल्यात स्वच्छ पाणी. जबरदस्ती अजिबात नाही. अनोळखी जागा, अनोळखी चव, म्हणून काही मुलं पहिल्यांदा तोंड फिरवतात. थोडा वेळ द्यायचा, हवं तर पुन्हा करून बघायचं. मुलाने वजनानुसार ठरलेलं प्रमाण आपणहून खाल्लं तर चाचणी पास.

भूक आहे आणि दुसरा गंभीर आजार नाही, अशी बहुतेक मुलं घरी राहून बरी होतात. भूक नसेल, सगळं उलटून पडत असेल, झटके, गुंगी, जोराचा ताप किंवा अंग गार पडणं, भराभर श्वास, पांढरेफटक तळहात यांपैकी काही असेल तर भरती करावीच लागते.

पायरी ४: घरी उपचार

२५-३० वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक तीव्र कुपोषित मुलाला केंद्रात भरती करून पावडरीचं दूध पाजलं जाई. दूध पाण्यात कालवायचं, पाणी दूषित असलं की जंतू वाढायचे, म्हणून ते घरी देता येत नसे. आईला सुमारे महिनाभर केंद्रात राहावं लागे. घरी बाकीची लेकरं, शेतीची वेळ, नवऱ्याची नाराजी यांमुळे कित्येक जणी यायच्याच नाहीत किंवा अर्ध्यातून निघून जायच्या. खोलीत दाटीवाटीने मुलं, एकाचा गोवर दुसऱ्याला.

१९९६ मध्ये आंद्रे ब्रियांद या फ्रेंच बालपोषणतज्ज्ञांनी मिशेल लेस्कान यांच्यासोबत यावर तोड काढली. शेंगदाण्याचं लोणी, दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वं आणि क्षार यांची पेस्ट. तिच्यात पाणी जवळजवळ नसल्याने जंतू वाढत नाहीत. शिजवायला नको, कालवायला नको, फ्रिज नको. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० किलोकॅलरी. जगभर तिला 'आरयूटीएफ' म्हणतात. २००० पासून इथिओपिया, मलावी अशा ठिकाणी ती घरी देऊन बघितली. २००५ मध्ये नायजरच्या अन्नसंकटात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' संघटनेने ६०,००० हून जास्त तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, बहुतेकांवर घरीच. इतकी मुलं भरती करायची म्हटली असती तर जागाच पुरली नसती. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एकत्र निवेदन काढून या पद्धतीला मान्यता दिली.

वजनानुसार दिवसाला साधारण दोन ते तीन, मोठ्या मुलाला त्याहून जास्त पाकिटं लागतात. दीडशे पाकिटांचा एक खोका म्हणजे अंदाजे एका मुलाचा पूर्ण उपचार. सोबत पहिल्या भेटीत प्रतिजैविकाचा कोर्स, गरजेनुसार मलेरियाची तपासणी, गोवराची लस आणि पुढे जंताचं औषध देतात. हे सगळं आरोग्य कर्मचाऱ्याने ठरवायचं, आपण परस्पर द्यायचं नाही.

आईला मात्र नीट बसवून सांगावं लागतं. आधी अंगावरचं दूध, मग पेस्ट, मग घरचं जेवण. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. पेस्टने तहान लागते, म्हणून उकळून गार केलेलं पाणी द्यायचं. जुलाब झाले तरी खाणं बंद करायचं नाही. मुलाला उबदार ठेवायचं. आणि ही पेस्ट या एकाच मुलाचं औषध आहे, ती भावंडांत वाटायची नाही. सांगून झाल्यावर तिलाच परत सांगायला लावा. काय पोहोचलं ते तेव्हाच कळतं.

दर आठवड्याला ती केंद्रात येते. वजन, दंडघेर, सूज, ताप बघतात. पुष्कळ ठिकाणी रिकामी पाकिटं परत आणायला सांगतात, म्हणजे मुलाने किती खाल्लं याचा अंदाज येतो. वजन वाढत नसेल तर कर्मचाऱ्याने घरी जायचं. रागावायला जायचं नाही. घरात काय चाललंय ते बघायला जायचं.

पायरी ५: भरती झालेलं मूल, आणि मायेपोटी होणारा घात

हाडांचा सापळा झालेलं मूल बघून कोणाचाही जीव कळवळतो आणि पहिला विचार येतो तो पोटभर खाऊ घालण्याचा. इथेच मुलं दगावतात. उपाशी शरीराने हृदय, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांचं काम मंदावून जीव तगवलेला असतो. अचानक भरपूर अन्न पडलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय बंद पडू शकतं. १९४५ मध्ये नाझी छावण्यांतून सुटलेले काही कैदी असेच, मिळालेलं अन्न खाऊन मेले.

म्हणून पहिले काही दिवस 'एफ-७५' नावाचं हलकं दूध देतात: १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी, प्रथिनं आणि मीठ मुद्दाम कमी. दर दोन-तीन तासांनी, मोजून, रात्रीसुद्धा. रात्रीचं दूध फार महत्त्वाचं. पहाटेचं एक दूध चुकलं की साखर उतरते, अंग गार पडतं आणि सकाळी उशीर झालेला असतो. मुलाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालतात. याहून चांगली ऊब नाही.

सलाइन लावायची घाई करायची नाही, ती फक्त मूल शॉकमध्ये असेल तर. अशक्त हृदयाला जास्तीचं पाणी पेलत नाही. नेहमीची ओआरएससुद्धा या मुलांना तशीच भरपूर पाजत नाहीत. त्यांच्यासाठी सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं मिश्रण असतं. लोहाची औषधं पहिल्या टप्प्यात देत नाहीत. सूज उतरू लागली, भूक परतली की जास्त कॅलरींचं 'एफ-१००' दूध किंवा आरयूटीएफ सुरू करतात आणि मूल स्थिरावलं की पुढचा उपचार घरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्यांच्या उपचारयादीत नववी पायरी खेळ आणि माया ही आहे. रिकामी बाटली, त्यात चार खडे, कापडाचा चेंडू एवढंही चालतं. खेळायला न मिळालेल्या मुलाची वाढ मागे राहते, म्हणून ही पायरी औषधांच्याच यादीत लिहिली आहे. ती पायरी गाळू नये.

ओआरएसचा विषय आला म्हणून एक आठवण. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून, रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला शिकवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. उपचार घरच्या माणसाच्या हातात देण्याचं धाडस त्यांनी आरयूटीएफच्या पंचवीस वर्षं आधी केलं होतं.

पायरी ६: सहा महिन्यांखालचं बाळ म्हणजे आई आणि बाळ मिळून एक रुग्ण

या बाळांना पेस्ट चालत नाही. त्यांचा उपचार म्हणजे आईचं दूध परत आणणं. "धक्क्याने दूध आटलं", "मीच उपाशी, दूध कुठून येणार" असं छावण्यांमध्ये फार ऐकू येतं. ताणाने पान्हा सुटायला वेळ लागतो हे खरं, पण दूध तयार होणं त्याने थांबत नाही. बाळ चोखत राहिलं तर दूध येतं. अडचण ही की अशक्त बाळ चोखत नाही आणि चोखल्याशिवाय दूध वाढत नाही.

हा फास सोडवायची युक्ती बघण्यासारखी आहे. एक बारीक नळी घेतात. तिचं एक टोक उपचाराच्या दुधाच्या पेल्यात आणि दुसरं आईच्या स्तनाग्राशी चिकटवलेलं. बाळ स्तन आणि नळी दोन्ही तोंडात घेतं, चोखलं की पेल्यातलं दूध वर येतं. बाळाला मोबदला मिळतो म्हणून ते चोखत राहतं, आणि त्या चोखण्याने आईचं दूध उतरू लागतं. सुरुवातीला पेला स्तनाग्राच्या पाच-दहा सेंटिमीटर खाली धरतात. बाळात ताकद आली की हळूहळू तीस सेंटिमीटरपर्यंत खाली नेतात. काही दिवसांत पेल्याची गरज संपते. नळी रोज नीट स्वच्छ करावी लागते आणि शेजारी हे आधी केलेली दुसरी आई असेल तर निम्मं काम तीच करते.

आणि कृपा करून मदतसाहित्यात दूध पावडर आणि बाटल्या गोळा करू नका. बाळदुधाच्या विक्रीबद्दल १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता झाली, आपत्तीत असं दूध सरसकट वाटू नये असा मदतसंस्थांचा नियम आहे, तरीही प्रत्येक पुरा-भूकंपात हे डबे येतातच. २००६ मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकर्ता भूकंपानंतर तपासणी झाली, तेव्हा दान आलेलं बाळदूध मिळालेल्या मुलांत जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त आढळलं. कारण उघड आहे: पाणी गढूळ, बाटली उकळायला इंधन नाही. ज्या बाळाची आई नाही त्याला बाळदूध लागू शकतं, पण ते आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत, स्वच्छ पाणी, वाटी-चमचा आणि देखरेखीसह.

आईचंही मोजायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचा दंडघेर २३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पुष्कळ ठिकाणी तिला स्वतंत्र पूरक आहार देतात. शिवाय पडद्याआड बसून पाजायला एक तंबू, एक खाट, पिण्याचं पाणी. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

पायरी ७: घराकडे बघा

घरात धान्य नसेल तर पेस्ट भावंडांत वाटली जाणारच. कोणती आई एकाला खाऊ घालून दुसऱ्याला नुसतं बघायला लावेल? म्हणून चांगल्या कार्यक्रमात तीव्र कुपोषित मुलाच्या घराला वेगळं रेशन किंवा रोख मदत जोडलेली असते. बाजार चालू असेल तिथे रोख चांगली, कारण घराला काय हवं ते घर ठरवतं.

२०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या कॉक्स बझारला आले. त्या ऑक्टोबरमध्ये कुटुपालोंग छावणीच्या पाहणीत जवळपास चारातलं एक मूल तीव्र किंवा मध्यम कुपोषणात सापडलं. हे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं की आणीबाणी समजतात. तिथे पोषणकेंद्रांइतकंच महत्त्व पाणी, शौचालयं आणि इंधनाला होतं. सरपणासाठी बायका-मुलींना लांब जंगलात जावं लागे, तिथे त्या सुरक्षित नसत. २०१८ पासून घरोघर गॅस सिलिंडर दिले, तेव्हा तो त्रास कमी झाला आणि आईचा वेळही वाचला. शौचालयाला आतून कडी आणि रात्री दिवा नसेल तर बायका संध्याकाळनंतर पाणी पिणं, जेवणं कमी करतात; त्याचा परिणाम अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईवरही होतो. कुपोषणाच्या कामात कडी आणि दिवा कुठून आला असं वाटेल, पण तो तिथूनच येतो.

पायरी ८: सोडणं आणि मागे राहिलेल्यांना शोधणं

लागोपाठ दोन भेटींत दंडघेर १२५ किंवा त्याहून जास्त आणि दोन आठवडे सूज नाही, मूल तरतरीत, तर उपचार पूर्ण. घाईने लवकर सोडलेलं मूल पावसाळ्यात परत लाल होऊन येतं. त्यानंतरही काही महिने अधूनमधून दंड मोजत राहावं.

काम कसं चाललंय हे बघायला जगभर मदतकार्याची 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. उपचारातून बाहेर पडलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त बरे, मृत्यू १० टक्क्यांपेक्षा कमी, अर्ध्यातून सोडून गेलेले १५ टक्क्यांपेक्षा कमी. आणि जो आकडा संस्था क्वचित सांगतात तो व्याप्तीचा: परिसरातल्या एकूण कुपोषित मुलांपैकी किती उपचारात आहेत. खेड्यात निम्म्याहून जास्त, शहरात ७० टक्क्यांहून जास्त, छावणीत ९० टक्क्यांहून जास्त हवेत. केंद्रात आलेली सगळी मुलं बरी झाली, पण दहातली आठ आलीच नाहीत, तर त्या यशाला फारसा अर्थ उरत नाही. देणगी देण्याआधी हे चार आकडे मागा. ठेवणारी संस्था लगेच देते. स्थानिक बायका कामावर आहेत का, रसद तुटली तर पर्याय काय, हेही विचारा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा याच पेस्टचे खोके गोदामांत अडकले. एकाच देणगीदारावर उभी असलेली साखळी किती नाजूक असते ते तेव्हा दिसलं.

आपल्याकडे लाल पट्टी दिसली तर

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने बारीक, तर १०.९ टक्के तीव्र गटात आढळली. देशाची सरासरी १९.३ आणि ७.७. हे फक्त धारणी-चिखलदरा, धडगाव-अक्कलकुवा, जव्हार-मोखाड्याचं दुखणं नाही.

वाट आपल्याकडे आखलेली आहे. गुंतागुंत नसलेलं मूल अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे व्हीसीडीसीत. आजारी मूल बाल उपचार केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात, ज्याला सगळे एनआरसी म्हणतात. एनआरसीत मुलासोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. हे तिला कोणी सांगतंच असं नाही, तुम्ही सांगा. आरयूटीएफ आपल्या देशाने सार्वत्रिक धोरण म्हणून स्वीकारलेलं नाही, जरी भारतातले कारखाने ते बनवून युनिसेफला पुरवतात. पाकिटं आली की घरचं आणि स्थानिक अन्न मागे पडेल, ही विरोधकांची भीती मला खोटी वाटत नाही. कुपोषण टाळायला घरचं अन्नच हवं. पण लाल झालेलं मूल बरं करायला जे सिद्ध झालंय ते हाताशी असलं पाहिजे, असं माझं मत आहे.

मूल सापडलं तर आधी अंगणवाडी सेविकेला सांगा आणि वजन-उंची घ्यायला लावा. धोक्याची खूण असेल तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. घरचे आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, जात असतील तर भांडू नका. मेळघाटात भूमकांनाच सोबत घेऊन मुलं दवाखान्यात पाठवण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि ते शहाणपणाचं आहे. एनआरसीत जायला आई का-कू करत असेल तर बाकीच्या पोरांना कोण बघणार हे आधी विचारा. बहुतेकदा अडतं तिथेच.

दिवाळीच्या सुमारास घरं ऊसतोडीला, वीटभट्टीला निघतात आणि उपचारातलं मूल यादीतून गळतं. निघण्याआधी मुलाच्या कार्डावर शेवटचं वजन, दंडघेर आणि चालू औषधं लिहून घ्या, कार्डाचा फोटो आईच्या किंवा मुकादमाच्या मोबाइलवर टाका, ज्या कारखान्याकडे जाणार त्या गावाचं नाव सेविकेच्या वहीत नोंदवा, आणि तिथल्या अंगणवाडीला त्याच आठवड्यात फोन करा.